इतिहासाचा संशोधन प्रकल्प (विद्यार्थी स्तर, गोवा)

इतिहासातील एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर मूळ साधने स्वतः पाहून, पडताळून व दाखल्यांसह लिहिणे म्हणजे विद्यार्थ्याचा संशोधन प्रकल्प. शाळेतील प्रकल्पवहीपासून एम.ए.च्या प्रबंधिकेपर्यंत त्याचा आवाका बदलतो, पद्धत तीच राहते.

‘गोवा मुक्तिलढा’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी (गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावरील मतदान) डिचोलीत दोन्ही बाजूंनी कसा प्रचार केला?’ हा प्रश्न. त्याला काळ आहे, जागा आहे आणि उत्तर कुठे शोधायचे तेही त्यातूनच कळते.

गोव्यात प्रश्न पक्का करण्याआधी कागद कोणत्या भाषेत आहेत ते पाहावे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे महाल सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अठराव्या शतकात. त्यामुळे दोन्ही भागांतील गावांची कागदपत्रे सारखी नसतात. पणजीच्या पुराभिलेखागाराची (जुन्या सरकारी कागदपत्रांच्या दफ्तराची) परंपरा १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतु यांच्या नेमणुकीपासून सांगतात. तिथला मोठा साठा पोर्तुगीज, पण मोडीतील मराठी कागदही आहेत. या दफ्तराचे दीर्घकाळ प्रमुख असलेले पांडुरंग पिसुर्लेकर यांचे पोर्तुगीज-मराठे संबंधांवरील मराठी लेखन ही नवख्याला मोठीच सोय. तरीही पोर्तुगीज येत नसेल तर शिलालेख, मोडी, मराठी वृत्तपत्रे आणि मुलाखती यांवर उभा राहील असाच प्रश्न घेतलेला बरा. भाषांतराच्या भरवशावर मांडलेला युक्तिवाद मार्गदर्शकाच्या पहिल्याच शंकेला कोलमडतो.

साधन वाचायचे म्हणजे काय, हे डिचोली तालुक्यातील नार्व्याच्या सप्तकोटेश्वर मंदिरातील शिलालेखावरून दिसते. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी या तिथीला शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाला आरंभ झाला, असे त्यात आहे. शकात ७८ मिळवले की १६६८ येते. (जानेवारी ते गुढीपाडवा या काळातील तिथीला मात्र ७९ मिळवावे लागतात, प्रकल्पांतल्या सनावळ्या हमखास इथेच चुकतात.) लेखातून काळ आणि आज्ञा कोणाची हे कळते. काम किती दिवस चालले, खर्च कोणी केला, हे त्यात नाही. ते ‘असावे’ म्हणून लिहायचे झाल्यास दुसरा आधार हवा. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या गोवा मोहिमेत आणखी एक पेच येतो. त्या काळी पोर्तुगीज कागदांतील तारखा ग्रेगोरियन (नव्या) दिनदर्शिकेच्या, तर कारवारच्या इंग्रज वखारीच्या ज्युलियन (जुन्या) दिनदर्शिकेच्या आहेत, म्हणजे दहा दिवसांचा फरक. तो लक्षात घेतला नाही तर एकाच घटनेच्या दोन घटना होतात.

टाचणे काढतानाच प्रत्येक नोंदीखाली दफ्तराचे नाव, खंड किंवा रुमाल (कागदांचे गाठोडे), पान आणि पाहिल्याची तारीख लिहावी. मजकूर शब्दशः उतरवला असेल तर अवतरणचिन्हे तिथेच घालावीत. लिहायला बसल्यावर ‘हे कुठे वाचले होते’ म्हणून पुन्हा पणजीतील पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात खेटे घालण्यात आठवडा सहज जातो.

मुलाखतीला वेगळी सावधगिरी लागते. जनमत कौलातील ‘फूल’ (विलीनीकरणाच्या बाजूचे) आणि ‘दोन पाने’ (विरोधाची) या निशाण्या म्हाताऱ्या माणसांना पक्क्या आठवतात, सभा कोणत्या महिन्यात झाली ते आठवतेच असे नाही. शिवाय कौलाचा निकाल आता सर्वांना ठाऊक आहे. विलीनीकरणाविरुद्धचे मताधिक्य ३४,०२१ होते. निकाल कळल्यानंतर माणसे आपली तेव्हाची बाजूही थोडी बदलून सांगतात. म्हणून सांगणाऱ्याचे वय, गाव, तेव्हाचा पक्ष आणि नाव छापायची परवानगी नोंदवून त्याचे म्हणणे त्या महिन्यांच्या वृत्तपत्रांशी ताडून पाहावे. जुळले नाही तर दोन्ही म्हणणी प्रकल्पात द्यावीत आणि आपण कोणते मान्य केले, का केले, ते तळटीपेत न दडवता मजकुरातच लिहावे.