भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने का जमते?

दर सुट्टीच्या मोसमात कोकणातल्या कुठल्या तरी पुळणीवर पर्यटकांची गाडी भरतीत अडकल्याची बातमी येते. गाडी ओढून काढायला धावणाऱ्या गावकऱ्यांना आधी विचारलं असतं, तर मोबाइल न काढता त्यांनी भरतीची वेळ सांगितली असती. हिशोब सोपा आहे : आजच्या तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल असो वा वद्य, हिशोब तोच.

तिथी म्हणजे आकाशात चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला याचं माप. एका तिथीत १२ अंश. पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात, म्हणून भरती दर तिथीला सरासरी तेवढी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या आसपास भरती बाराच्या सुमारास येते, त्यामुळे मोजणी शून्यापासून सुरू होते. ही आपल्या किनाऱ्याची देणगी आहे. दुसऱ्या समुद्रावर हा हिशोब तसाच लागू पडणार नाही.

पण ४८ मिनिटं म्हणजे तासाचे चार पंचमांश. मग पाऊण का? पूर्वी शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेत, म्हणून सोयीचं, हे उत्तर खरं असलं तरी मला अपुरं वाटतं.

समुद्रात दोन भरत्या एकदम चालू असतात. चंद्राची १२ तास २५ मिनिटांनी परत येते, सूर्याची बरोबर १२ तासांनी. सूर्याची ओढ खरं तर कितीतरी मोठी. मात्र भरती ओढीने येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरच्या ओढीत जो फरक पडतो, त्याने येते, आणि अंतर वाढलं की हा फरक झपाट्याने घटतो. त्यामुळे सूर्याची भरती चंद्राच्या निम्म्याहूनही लहान. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्हींचे माथे जुळतात आणि उधाण येतं. पुढे चंद्राचा माथा रोज मागे पडतो, सूर्याचा जागेवरच राहतो. आपल्याला दिसणारी भरती दोघांची बेरीज असते, म्हणून तिचा माथा दोघांच्या मधे पडतो, म्हणजे एकट्या चंद्राच्या वेळेपेक्षा थोडा आधी. या दिवसांत भरती रोज ४० मिनिटांच्या आसपासच सरकते. अष्टमीच्या भांगानंतर, म्हणजे सगळ्यांत लहान भरती-ओहोटीनंतर, चंद्राच्या माथ्याला सूर्याचा पुढचा माथा जवळचा होतो. आता बेरीज उशिराकडे खेचली जाते, आणि भरती दिवसाला तासाहून जास्त उडी घेते.

म्हणजे पक्षाच्या पहिल्या आठवड्यात ४८ पेक्षा ४५ मिनिटंच समुद्राला अधिक जवळची आहेत! दशमीनंतर मुंबई-अलिबागकडे खरी भरती हिशोबापेक्षा बरीच उशिरा येते. दक्षिणेला मालवणकडे भरती मुंबईच्या आधी पोचते, तिथे ही चूक कमी होते. पिढ्यान्‌पिढ्या होडी लोटताना हा आकडा रोज पारखला गेला आहे. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. त्याच पंचांगातल्या शुभ-अशुभ मुहूर्तांची अशी पारख कुणी केलेली नाही. पौर्णिमेला शरीरातल्या पाण्याला भरती येते म्हणून मन बिघडतं, हेही खोटं. सुमारे १२,७०० किलोमीटर व्यासाच्या पृथ्वीवर ओढीतला जो फरक खोल समुद्र जेमतेम अर्धा मीटर उचलतो, तो माणसाच्या देहात शून्यातच जमा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे सकाळची ओहोटी दहाच्या सुमारास. नऊला निघावं आणि अकराच्या आत किनाऱ्यावर परतावं. अष्टमी-नवमीला भांगामुळे पाणी कमी ओसरतं, तेव्हा वाट विचारूनच पाण्यात उतरावं.