९ नंतर ११ की २०?

शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, १, ३, ५, ७, ९ नंतर कोणती संख्या येईल? प्रश्न पुरा व्हायच्या आत तो ११ म्हणेल. पण नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये एक मालिका मांडली, तिची सुरुवातही १, ३, ५, ७, ९ अशीच होते आणि पुढे थेट २० येतात.

कृती तिसरीतल्या मुलालाही जमेल. एक संख्या घ्या आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. १२ घेतले तर १२ + १ + २ = १५. म्हणजे १२ पासून १५ जन्माला आले. याच रीतीने १० पासून ११ मिळतात, ११ पासून १३, १४ पासून १९. आता उलट विचार करा. ज्यांना असा कुणी जन्मदाता नाही, अशा संख्या आहेत का? आहेत. १, ३, ५, ७, ९ आणि मग २०. कापरेकरांनी त्यांना ‘स्वयंभू’ म्हटलं, आणि त्यांच्या गावावरून त्या ‘देवळाली संख्या’ म्हणूनही ओळखल्या जातात.

पुढे जाऊ. २० नंतर ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. आता सगळं लख्ख दिसतं, दर वेळी ११ वाढतात. ९७ नंतर १०८, बरोबर. १०८ नंतर ११९? नाही. ११०!

असं का होतं ते सांगतो, पण आधी एक कागद आणि पेन्सिल घ्या. एक मोठं वर्तुळ काढा. परिघावर एकच बिंदू असेल तर जोडायला काही नाही, वर्तुळ अखंड, म्हणजे १ तुकडा. दोन बिंदू घेऊन जोडले की २ तुकडे. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी जोडला की ४. चार बिंदूंचे ८, पाचांचे १६. इथवर आलं की सहा बिंदूंची आकृती काढायचा कंटाळा येतो, ३२ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. तरीही काढा आणि मोजा. फक्त तीन रेषा एकाच ठिकाणी छेदू देऊ नका, म्हणजे बिंदू अगदी समान अंतरावर घेऊ नका. तुकडे ३१ भरतील. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी तीनदा मोजले होते, एखादा तुकडा सुटला असावा या खात्रीने.

सुटलेला नसतो. वर्तुळ आधी एक अखंड तुकडा असतो. प्रत्येक नवी जीवा एक तुकडा वाढवते, शिवाय वर्तुळाच्या आत ती आधीच्या जितक्या जीवांना छेदते तितके आणखी वाढवते. म्हणजे एकूण तुकडे = १ + जीवा + छेदनबिंदू. आणि परिघावरचे कोणतेही चार बिंदू निवडले की त्यांच्यामुळे आत बरोबर एक छेदनबिंदू तयार होतो. पाच बिंदूंना १० जीवा आणि ५ छेद, म्हणून १६. सहा बिंदूंना १५ जीवा आणि १५ छेद, म्हणून ३१. सातांना ५७, आठांना ९९. इथे दुप्पट होण्याचा नियम कधी नव्हताच. सुरुवातीच्या पाच संख्या त्याच्यासारख्या दिसल्या, इतकंच. दहा बिंदूंना तर १ + ४५ + २१० = २५६ येतात, पुन्हा एकदा २ चा घात, पण दुपटीच्या हिशेबाने तिथे ५१२ यायला हवे होते.

पाच संख्यांवरून सहावी ओळखणं नेहमीच असं निसरडं असतं. हवं तर मी १, ३, ५, ७, ९ नंतर १३१ आणून दाखवतो. ‘न’ वं पद २न − १ घ्या आणि त्यात (न−१)(न−२)(न−३)(न−४)(न−५) हा गुणाकार मिळवा. पहिल्या पाच पदांना प्रत्येक वेळी एक कंस शून्य होतो, म्हणून संख्या तशाच राहतात. सहाव्या पदाला गुणाकार १२० होतो, ११ चे १३१ होतात. त्या गुणाकाराला योग्य संख्येने गुणलं की सहावं पद हवं ते करता येतं. परीक्षेतला प्रश्न खरं तर ‘सगळ्यात साधा नियम कोणता’ असा असतो. तो चांगलाच प्रश्न आहे, पण मुलांना हे उघड सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जिथे संख्या कशा घडतात हे माहीत असतं, तिथे पुढची संख्या ओळखावी लागत नाही. मराठीच्या तासाला लघू म्हणजे १ मात्रा आणि गुरू म्हणजे २ मात्रा हे आपण शिकलो. ४ मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? लललल, ललग, लगल, गलल, गग. पाच. १, २, ३, ४, ५ मात्रांसाठी १, २, ३, ५, ८ प्रकार होतात. नुसते १, २, ३, ५ पाहून कुणी पुढे मूळ संख्या म्हणून ७ लिहील. पण ओळीचा शेवट लघू तरी असणार किंवा गुरू तरी. लघू असेल तर आधी एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून प्रत्येक वेळी मागच्या दोन संख्यांची बेरीज. ६ मात्रांना १३ येणारच. गुजरातेत हेमचंद्रांनी हा नियम ११५० च्या सुमारास दिला. युरोपात फिबोनाचीचा ग्रंथ आला तो १२०२ मध्ये.

आता देवळालीकडे परत. संख्या दहा-दहाच्या गटांत घ्या. ७० ते ७९ पासून ७७, ७९, … ९५ या विषम संख्या जन्मतात. ८० ते ८९ पासून ८८ ते १०६ या सम. ९० ते ९९ पासून ९९ ते ११७, पुन्हा विषम. असा प्रत्येक गटाला सम-विषमचा पाळीपाळीने बदल होतो. विषमांत ९५ वर एक गट संपतो, पुढचा ९९ वर सुरू होतो, मध्ये ९७ राहून जाते. प्रत्येक गटानंतर अशी एक संख्या निसटते, म्हणून ११ चं अंतर.

पण ९९ नंतर १०० येतात, आणि पाळी चुकते. १०० ते १०९ पासूनही १०१ ते ११९ या विषमच संख्या मिळतात. समांचा गट १०६ वर थांबलेला आहे आणि पुढचा, ११० ते ११९ चा, थेट ११२ पासून सुरू होतो. मध्ये दोन जागा रिकाम्या राहतात, १०८ आणि ११०. आणि ११९? त्याला जन्म देणारे १०९ आहेत.