यांत्रिक आकलन चाचणी

यांत्रिक आकलन चाचणी : यंत्राचे किंवा साध्या अवजाराचे चित्र पाहून त्याचा कोणता भाग कुठे सरकेल, चाक कोणत्या बाजूला फिरेल, ओझे कुठे धरले तर हलके लागेल, हे ओळखण्याची क्षमता मोजणारी मानसशास्त्रीय चाचणी. अभिक्षमता, म्हणजे एखादे काम जमण्याची शक्यता, मोजणाऱ्या चाचण्यांचा हा एक जुना आणि आजही वापरात असलेला प्रकार आहे. कारखान्यातील प्रशिक्षणार्थी, तंत्रज्ञ, सैनिक, अग्निशमन जवान यांची निवड करताना आणि शाळकरी मुलांना व्यवसाय मार्गदर्शन करताना ती घेतली जाते. तीत सूत्रे आठवावी लागत नाहीत आणि आकडेमोडही जवळजवळ नसते. म्हणूनच न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थी या चाचणीत अडखळतो आणि विहिरीवरचे इंजिन लहानपणापासून खोललेला मुलगा झरझर उत्तरे देतो, असे घडू शकते. बोटांची सफाई किंवा हत्यार चालवण्याचे कसब ही चाचणी मोजत नाही. त्यासाठी हस्तकौशल्याच्या चाचण्या वेगळ्या आहेत.

सुरुवात मात्र हातांपासूनच झाली. अमेरिकेत जॉन स्टेनक्विस्ट यांनी १९१० च्या दशकात एक लांबट पेटी तयार केली. तिच्या कप्प्यांत सायकलची घंटी, कुलूप, उंदराचा सापळा, कपड्यांचा चिमटा अशा दहा वस्तू सुट्या करून ठेवलेल्या असत. ठरलेल्या वेळात त्या जोडून दाखवायच्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातही ही चाचणी वापरली गेली. पद्धत सुंदर होती, पण खर्चिक. दर परीक्षार्थीला एक पेटी हवी, तुकडे हरवतात, स्प्रिंगा ढिल्या पडतात. शंभर माणसांना एकाच वेळी तपासायचे तर कागद हवा. जॉर्ज बेनेट यांनी १९४० मध्ये ती गरज भागवली. त्यांच्या चाचणीत प्रत्येक प्रश्नाला एक चित्र, चित्राखाली एक-दोन ओळींचा प्रश्न आणि बहुधा तीन पर्याय असत : अ, आ किंवा दोन्ही सारखेच. पुढे आलेल्या एस आणि टी या नमुन्यांत ६८ प्रश्न आणि ३० मिनिटे असा आराखडा होता. आजच्या बहुतेक यांत्रिक चाचण्यांवर या मांडणीची छाप दिसते.

प्रश्नांचा मोठा भाग तरफेवर असतो. १२० किलोचा दगड पहारीने उचलायचा आहे. टेकू दगडापासून २० सेंटिमीटरवर आणि हात टेकूपासून १२० सेंटिमीटरवर असेल, तर २० किलोच्या वजनाइतका जोर पुरतो. भार गुणिले भारभुजा (टेकूपासून भाराचे अंतर) बरोबर बल गुणिले बलभुजा (टेकूपासून हाताचे अंतर), एवढाच हिशेब. पण चाचणी हा हिशेब मागत नाही. ती दोन चित्रे दाखवते आणि टेकू दगडाच्या जवळ कोणत्या चित्रात आहे ते नजरेने हेरायला लावते. अडकित्त्यात सुपारी खिळीजवळ सरकवणाऱ्या आजीला हे कोणी शिकवलेले नसते. या सोयीची दुसरी बाजू मात्र तिलाही ठाऊक असते : जोर कमी लागला तरी हात जास्त अंतर चालतो. वरच्या उदाहरणात दगड एक बोट उचलायला हात सहा बोटे खाली न्यावा लागतो. ऊर्जा फुकट मिळत नाही, हा भौतिकशास्त्राचा पाया या एका चित्रात सामावलेला आहे.

दातेरी चाकांचे प्रश्न दिशेवर आणि वेगावर असतात. एकमेकांत गुंतलेली शेजारची दोन चाके उलट दिशांनी फिरतात. २० दात्यांचे चाक ६० दात्यांच्या चाकाला फिरवत असेल, तर लहान चाकाच्या तीन फेऱ्यांत मोठ्याची एकच फेरी होते. तीन चाके त्रिकोणात एकमेकांना भिडवली तर काय होईल, हा जरा चकवणारा प्रश्न. काहीच फिरणार नाही. विषम संख्येची चाके वर्तुळात गुंतवली की ती एकमेकांना अडवतात. पट्ट्यांचे गणित वेगळे. गिरणीचा पट्टा सरळ चढवला तर दोन्ही चाके एकाच दिशेने फिरतात, मध्ये फुली देऊन चढवला तर उलट.

कप्पीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आढळतात. आडावरची एकच स्थिर कप्पी बादलीचे वजन तसूभरही कमी करत नाही. ती फक्त ओढण्याची दिशा बदलते, आणि खाली ओढताना माणसाला स्वतःचे वजन वापरता येते. विहिरीतून बैलांकरवी पाणी ओढणाऱ्या आपल्याकडच्या मोटेत हेच तत्त्व बैलांसाठी वापरले होते. भरलेली मोट वर येत असताना बैल धावेच्या उतारावरून खाली जात, म्हणजे त्यांच्या अंगाचे वजन नाड्याच्या ओढीत भर घाली. धाव सपाट केली असती तर तेच पाणी काढताना बैल फार लवकर थकले असते. जोर खरोखर कमी करायचा तर भाराबरोबर वर सरकणारी कप्पी लागते : ६० किलोचे ओझे दोरीच्या दोन पदरांवर लोंबले की, घर्षण सोडून दिल्यास, ३० किलोचा जोर पुरतो आणि दोरी दुप्पट ओढावी लागते.

पाण्याच्या प्रश्नांतही डोळा फसतो. सारख्याच उंचीपर्यंत भरलेल्या दोन टाक्या, एक रुंद आणि एक अरुंद. तळाच्या नळाला जास्त दाब कोणत्या टाकीत? रुंद टाकीत पाणी पुष्कळ दिसते म्हणून अनेक जण तिच्याकडे बोट दाखवतात. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, रुंदीवर नाही. १० मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब देते, मग टाकी घराएवढी असो वा हाताएवढी.

अशी उत्तरे देताना डोक्यात काय चालते, याचा अभ्यास झाला आहे. मेरी हेगार्टी यांनी १९९२ मध्ये कप्प्यांच्या चित्रांवर प्रयोग केले. माणूस सगळे यंत्र मनात एकदम फिरवत नाही, असे त्यांतून दिसले. जिथे दोरी ओढली तिथून तो सुरू करतो, एक कप्पी फिरवतो, मग पुढची. प्रश्न साखळीतल्या शेवटच्या कप्पीबद्दल असेल तर उत्तराला वेळ जास्त लागतो. मायकेल मॅक्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांना नागमोडी नळीतून सुटणाऱ्या चेंडूचा मार्ग काढायला सांगितला, तेव्हा सर्पिल नळीच्या प्रश्नात सुमारे निम्म्यांनी चेंडू बाहेर पडल्यावरही वळतच जाताना दाखवला. खरे तर नळीतून सुटताच चेंडू सरळ रेषेत जातो, जसा गोफणीतून सुटलेला दगड जातो. १९८६ मधला आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. तोच प्रश्न बागेतल्या वाकड्या रबरी नळीतून येणाऱ्या पाण्याबद्दल विचारला, तेव्हा पुष्कळ जास्त जणांनी सरळ धार काढली. नियम तोच होता, चित्र मात्र ओळखीचे होते.

या चाचणीची खरी अडचण इथेच आहे. चित्रातली वस्तू ज्याने हाताळली आहे त्याला प्रश्न अर्धा सुटलेलाच मिळतो. ज्या काळात मुलींना गॅरेजमध्ये आणि कारखान्यात पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्या काळात त्यांचे गुण कमी आले, तर त्या कमी गुणांवरून क्षमता ठरवणे अन्यायाचे होते. बेनेट यांच्या चाचणीचा स्त्रियांसाठी घरगुती वस्तूंवर आधारलेला वेगळा नमुना १९४० च्या दशकातच निघाला होता. नंतर जोएल वीसेन यांनी रोजच्या वापरातील वस्तू घेऊन चाचणी बांधली, ती याच विचाराने.

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन नदीवरील वीज केंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेतले जाई; तिथला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. नोकरीतील वंशभेदाला बंदी घालणारा कायदा २ जुलै १९६५ ला अमलात आला. त्याच दिवशी कंपनीने इतर विभागांतील नव्या भरतीसाठी दोन चाचण्यांची अट घातली : वंडरलिक यांची सामान्य क्षमता चाचणी आणि बेनेट यांची यांत्रिक आकलन चाचणी. त्याआधी लागलेले, शाळा पूर्ण न केलेले गोरे कामगार तीच कामे व्यवस्थित करत होते. विली ग्रिग्ज आणि इतर बारा कामगारांनी दावा लावला. ८ मार्च १९७१ रोजी न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मालकाचा हेतू काहीही असो, चाचणीमुळे एखाद्या गटाला दार बंद होत असेल तर ती त्या कामाशी निगडित आहे हे मालकाने दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. बेनेट यांची चाचणी चुकीची ठरली नाही. ती चुकीच्या ठिकाणी लावणे चुकीचे ठरले.

भारतात या प्रकारच्या प्रश्नांची एक मोठी परीक्षा रेल्वेची. सहायक लोको पायलटच्या भरतीत २०१८ च्या पद्धतीनुसार दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागात मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकी हा घटक होता. त्यात तरफा व साधी यंत्रे, वस्तुमान, वजन व घनता, कार्य, शक्ती व ऊर्जा, उष्णता, वीज आणि अभियांत्रिकी रेखाचित्रे हे विषय येत. त्यानंतर संगणकावरची अभिक्षमता चाचणी असे आणि तिच्या प्रत्येक उपचाचणीत किमान ४२ प्रमाणित गुण मिळवणे सर्व प्रवर्गांना सक्तीचे होते. हजारो प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्या बाबतीत ही सक्ती रास्त आहे.

पुण्यात १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम दीर्घकाळ चालू आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी झाली. तिच्यामुळे घरोघरी हा विषय पोहोचला, पण एक गल्लतही रुजली. कल म्हणजे आवड. अभिक्षमता म्हणजे जमण्याची शक्यता. मोटारींच्या फोटोंनी वही भरवणाऱ्या मुलाचा कल यंत्रांकडे आहे एवढे खरे, पण गिअर बदलल्यावर चढावर गाडीला जोर का येतो हे त्याला उमगते की नाही, ते वेगळे पाहावे लागते. त्यासाठी छापील सरावसंचांपेक्षा जुनी सायकल उपयोगी पडते. २००६ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातील रिबेका लॉसन यांनी लोकांना सायकलचे चित्र पुरे करायला सांगितले, तेव्हा कित्येकांनी साखळी पुढच्या चाकापर्यंतही नेली. तशी साखळी लावली तर हँडल वळणारच नाही. सायकल एकदा पूर्ण खोलून पुन्हा जोडलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही.