कीटकविषापासून कर्करोगाची औषधे

कीटकविषापासून कर्करोगाची औषधे : मधमाशी, गांधीलमाशी अशा दंश करणाऱ्या कीटकांच्या विषातील संयुगे वेगळी काढून, किंवा तशीच प्रयोगशाळेत घडवून, कर्करोगाच्या पेशींवर वापरून पाहण्याचे संशोधन. यात मधमाशीच्या विषातले मेलिटिन आणि ब्राझीलमधल्या एका गांधीलमाशीच्या विषातले पॉलिबिया-एमपी१ या दोन पेप्टाइडांवर, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांवर, बरेच काम झाले आहे. दोन्हींपैकी एकालाही कर्करोगाचे औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण ‘मधमाशीच्या विषाने तासाभरात कर्करोग नष्ट’ असे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. त्यातला ‘तासाभरात’ हा भाग खोटा नाही. पण तो तास काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींचा आहे, रुग्णाचा नव्हे.

मधमाशी चावते तेव्हा साधारण ०.१ मिलिग्रॅम विष अंगात जाते. म्हणजे एक ग्रॅम विष हवे तर दहा हजार माश्या लागणार. विष गोळा करण्यासाठी मधमाश्यांच्या पेटीच्या तोंडाशी किंवा आत काचेची पट्टी ठेवतात, तिच्यावर बारीक तारा ताणतात आणि त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडतात. तारेला स्पर्श झाला की माशी चवताळून काचेवर नांगी मारते. माणसाच्या कातडीत अडकते तशी नांगी काचेत अडकत नाही, त्यामुळे माशी मरत नाही. विषाचे थेंब काचेवर वाळतात आणि मग ती पांढुरकी भुकटी पात्याने खरवडून काढतात. हे काम करणारा नाकातोंडावर मास्क बांधल्याशिवाय बसत नाही, कारण भुकटी उडाली की घसा धरतो. चवताळलेल्या पोळ्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो माश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्याचा, आयसोअमिल अॅसिटेटचा वास. तो वास ओळखणारा मधपाळ मुकाट्याने दोन पावले मागे सरकतो.

वाळलेल्या विषाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिनचा असतो. (ग्रीक भाषेत ‘मेलिट्टा’ म्हणजे मधमाशी.) ही २६ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे. जर्मनीत हाबरमान आणि येन्ट्श यांनी १९६७ मध्ये तिचा क्रम उलगडला. पहिली वीसेक अमिनो आम्ले बहुतांशी पाण्यापासून दूर पळणारी, तर शेवटची सहा पाण्यात रमणारी आणि त्यांतली चार धन विद्युतभाराची. पेशीपटल, म्हणजे पेशीचे बाहेरचे आवरण, मेदाचे असल्यामुळे मेलिटिन त्यात सहज शिरते आणि मळसूत्रासारखा आकार घेते. एका जागी पुरेसे रेणू जमले की पटलाला भोके पडतात, पाणी आणि क्षार आत-बाहेर धावू लागतात आणि पेशी फुटते. डंखाची आग होते त्यातही मेलिटिनचा मोठा वाटा आहे.

मग माशी स्वतःच्या विषाने का मरत नाही? तिच्या विषग्रंथीत मेलिटिन तयार स्वरूपात बनतच नाही. पुढे ऋणभाराचे एक शेपूट जोडलेले असते, ते त्याला निष्प्रभ ठेवते आणि नंतर तुकड्यातुकड्याने कापले जाते. संशोधकांनी ही युक्ती उचलली आहे. मेलिटिनला असेच आवरण चढवायचे, आणि ते कापणारे एन्झाइम कर्करोगाच्या गाठीभोवती जास्त असेल असे निवडायचे. मग विष गाठीपाशी गेल्यावरच जागे होईल, अशी ही कल्पना.

या विषयाची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती २०२० मध्ये. ऑस्ट्रेलियात पर्थच्या हॅरी पर्किन्स वैद्यकीय संशोधन संस्थेत कियारा डफी यांनी पर्थ, आयर्लंड आणि इंग्लंड इथल्या ३१२ मधमाश्या व भुंग्यांसारख्या केसाळ बंबलबी गोळा केल्या, कार्बन डायऑक्साइडने त्यांना गुंगवून बर्फावर ठेवले आणि विष काढले. स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या प्रकारांवर त्यांनी ते वापरले, त्यांत ट्रिपल-निगेटिव्ह हा प्रकार होता. या पेशींत इस्ट्रोजेनचे, प्रोजेस्टेरॉनचे आणि एचईआर-२ हे तिन्ही ग्राही (बाहेरून आलेले निरोप टिपणारी प्रथिने) नसतात, त्यामुळे त्या ग्राहींना नेमके धरणारी औषधे इथे चालत नाहीत. मधमाशीच्या विषाच्या एका ठरावीक प्रमाणाने या पेशी तासाभरात मेल्या, आणि त्या प्रमाणात निरोगी पेशींना फारशी इजा झाली नाही. बंबलबीच्या विषाने मात्र प्रमाण खूप वाढवूनही तसे काही झाले नाही. तिच्या विषात मेलिटिन नसते.

माझ्या मते या अभ्यासातला खरा महत्त्वाचा भाग बातम्यांमध्ये आलाच नाही. मेलिटिनने पेशी फोडण्याच्याही आधी, वीस मिनिटांच्या आत, पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप देणारे ग्राही गप्प केले. साखळीच्या टोकाचे धनभार काढून तिथे ऋणभार घातले, तर ही ताकद गेली. शिवाय कृत्रिमरीत्या बनवलेल्या मेलिटिननेही जवळपास तेच काम केले. म्हणजे पुढे कधी औषध निघालेच, तर त्यासाठी पोळी हुडकत फिरावे लागणार नाही. उंदरांमध्ये डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधासोबत मेलिटिन दिल्यावर गाठीची वाढ आटोक्यात राहिली.

मग अडते कुठे? रक्तात. मेलिटिन तांबड्या रक्तपेशींनाही तितक्याच सहजतेने भोके पाडते. शिरेतून सरळ सोडले तर गाठीपर्यंत पोचण्याआधीच ते रक्तपेशी फोडत सुटेल. कर्करोगाची पेशी मारणारे पदार्थ जगात पुष्कळ आहेत, तेजाबही मारते. नेमकी कोणती पेशी मारायची ते ओळखणारा पदार्थ हवा.

यावर अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एक उपाय शोधला गेला. नीलेश सोमण, पॉल श्लेसिंजर, सॅम्युअल विकलाइन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये परफ्लुरोकार्बन या फ्लोरीन-कार्बनच्या द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांच्या पृष्ठभागावर मेलिटिन बसवले. या थेंबांना त्यांनी ‘नॅनोबी’ असे लाडके नाव दिले. थेंबाला चिकटलेले मेलिटिन रक्तपेशींना जवळजवळ त्रास देत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्यामुळे थेंब तिथे झिरपून साचतात आणि पेशीला चिकटले की मेलिटिन तिच्यात उतरते. उपचार न केलेल्या उंदरांच्या तुलनेत मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) गाठी ८८ टक्क्यांनी लहान राहिल्या. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींची वाढ मात्र सुमारे २५ टक्केच मंदावली.

पॉलिबिया-एमपी१ची गोष्ट वेगळी, कारण त्याला कर्करोगाच्या पेशींची निवड जन्मजात येते. आग्नेय ब्राझीलमधल्या पॉलिबिया पॉलिस्टा या गांधीलमाशीच्या विषातले हे पेप्टाइड फक्त १४ अमिनो आम्लांचे आहे. पेशीपटलाला मेदाचे दोन थर असतात. निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन ही मेदद्रव्ये आतल्या थरात राहतात, कर्करोगाच्या पेशीत ती बाहेरच्या थरावर येतात. घराचे अस्तर उसवून बाहेर लोंबावे तसे. ब्रिटनच्या लीड्स विद्यापीठातले पॉल बील्स आणि साओ पाउलो राज्य विद्यापीठातले जुआव रुजेरो नेटो यांच्या गटांनी २०१५ मध्ये कृत्रिम पटलांवर हे तपासले. पहिल्या द्रव्यामुळे पेप्टाइड सात-आठ पट जास्त चिकटते आणि दुसऱ्यामुळे पडणारी भोके वीस-तीस पट मोठी होतात. एवढ्या भोकातून पेशीतली प्रथिनेसुद्धा बाहेर गळतात. अडचण अशी, की अशा छोट्या पेप्टाइडांना शरीरातली एन्झाइम लवकर कापून टाकतात.

विंचवाच्या विषातल्या क्लोरोटॉक्सिनचे नाव या यादीत हमखास येते, पण विंचू आठ पायांचा, कोळ्याच्या गणगोतातला. तो कीटक नव्हे. हिंग्यांचे उदाहरण अधिक जवळचे. बाजरीच्या कणसावर बसणारे हे भुंगेरे अंगावर चिरडले तर कातडीला फोड येतो, तो कॅन्थरिडिनमुळे. ते नांगीतले विष नव्हे, बचावाचा स्राव आहे. चीनमध्ये या कुळातले भुंगेरे परंपरेने औषधात वापरत आले आणि त्यातूनच पुढे नॉरकॅन्थरिडिन हे कमी विषारी रूप यकृताच्या कर्करोगावर वापरात आले. अमेरिकेने २०२३ मध्ये खुद्द कॅन्थरिडिनला मान्यता दिली, पण ती त्वचेवरच्या मोलस्कम नावाच्या विषाणूजन्य फोडांसाठी.

महाराष्ट्रातली सातेरी माशी प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या युरोपीय मेलिफेरापेक्षा वेगळ्या जातीची असली तरी तिचे मेलिटिन अगदी तेच आहे. आग्या आणि फुलोरी माश्यांच्या साखळीत काही अमिनो आम्लांचा फरक पडतो. म्हणून कोणी सातेरीचे डंख घेऊन गाठ बरी करायला निघाला, तर त्याला मेलिटिन खरेच मिळते. पण ते दंशाच्या जागी कातडीतच गुंतून पडते, गाठीपर्यंत पुरेसे पोचत नाही. शिवाय डंखाबरोबर फॉस्फोलिपेज-ए२ हे अॅलर्जी उठवणारे मुख्य प्रथिनही अंगात जाते. स्पेनमध्ये स्नायूंच्या दुखण्यावर आणि ताणावर जिवंत माश्यांचे डंख घेणाऱ्या एका बाईंचा अशा अॅलर्जीच्या झटक्याने मृत्यू झाला, त्याची नोंद माद्रिदच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी दोन वर्षे त्या दर चार आठवड्यांनी डंख घेत होत्या आणि त्यांना काहीही झाले नव्हते.