गुर्बा (आधुनिक अरबी काव्य)

गुर्बा : परमुलखात परके होऊन राहण्याची अवस्था. अरबी काव्यात तिच्या जोडीने ‘हनीन’, म्हणजे मायभूमीची ओढ, हा शब्द येतो. गुर्बा ज्या धातूपासून आला त्याच धातूचा ‘गरीब’. अरबीत त्याचा अर्थ परका. फारसीच्या वाटेने मराठीत पोचेपर्यंत तो ‘निर्धन’ झाला. ‘वतन’ही असाच : आपल्याकडे पाटील-देशमुखांचा वंशपरंपरागत हक्क, आधुनिक अरबीत मायदेश.

इस्लामपूर्व कसीद्याची, म्हणजे दीर्घ अरबी कवितेची, सुरुवातच प्रियेच्या उठून गेलेल्या तळाच्या खुणांपाशी अश्रू ढाळून होई. तो काव्यातला रूढ संकेत होता. आधुनिक काळात तो कवींच्या आयुष्यातच उतरला. इजिप्तमधला उराबी पाशाचा उठाव फसल्यावर कवी महमूद सामी अल-बारूदी यांना १८८२ मध्ये इंग्रजांनी सिलोनला धाडले. पत्नी वारल्याची बातमीही त्यांना तिथेच कळली. १८९९ मध्ये ते कैरोला परतले. पहिल्या महायुद्धात स्पेनमध्ये हद्दपारी भोगणाऱ्या अहमद शौकी यांनी लिहिले, की स्वर्गात रमलो तरी तिथेही जीव वतनाकडेच ओढ घेईल. न्यूयॉर्कच्या सीरियन-लेबनीज कवींची ओढ मात्र पोटासाठी देश सोडलेल्यांची.

या काव्याचा कळस मला इराकच्या बद्र शाकिर अस-सय्याब यांच्यात दिसतो. १९५३ मध्ये राजकीय धरपकडीतून निसटून ते कुवेतला पोचले. ‘आखातावरचा परका’ ही त्यांची कविता तिथली. कॉफीखान्यात फिरणाऱ्या तबकडीतून त्यांना इराक ऐकू येतो. समुद्रही तेच नाव घेतो. कवी खिशातली नाणी पुन्हा पुन्हा मोजतो आणि म्हणतो, जहाजांनी भाडे घेतले नसते तर! किंवा पृथ्वीवर समुद्रच नसते तर! ‘गरीब’चे अरबी आणि मराठी, दोन्ही अर्थ इथे एकाच माणसात भेटतात. जैकूर हे आपले खेडे आणि बुवैब हा तिथला चिमुकला ओढा त्यांनी अरबी काव्यात अजरामर केला. १९६४ मध्ये त्यांनी प्राण सोडला तोही कुवेतमध्येच.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर पॅलेस्टिनी कवींची गुर्बा आणखी वेगळी झाली. महमूद दरवीश (१९४१–२००८) यांचे गॅलिलीतले अल-बिरवा हे गाव त्या वर्षी उद्ध्वस्त झाले. कुटुंब लेबनॉनमधून लपतछपत परतले, तेव्हा इस्रायलच्या कायद्याने त्यांना ‘हजर असलेले गैरहजर’ ठरवले होते; स्वतःच्या भूमीवर उभे राहूनही परके. आईच्या रोटीची, आईच्या कॉफीची आस सांगणारी त्यांची कविता लेबनीज गायक मार्सेल खलिफे यांच्या आवाजात अरब जगात घरोघरी पोचली. १९७० मध्ये दरवीश यांनी देश सोडला. पुढे कैरो, बैरूत, ट्यूनिस, पॅरिस. १९९६ मध्ये ते वेस्ट बँकेतल्या रामल्लाला राहायला आले. मृत्यूनंतर त्यांना दफन केले तेही रामल्लात, अल-बिरवात नव्हे.