द अपर रूम (चित्रमालिका)

ब्रिटिश चित्रकार ख्रिस ओफिली याची १३ चित्रांची मालिका (१९९९–२००२). ती २००२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया मिरो गॅलरीत प्रथम मांडली गेली. २००५ मध्ये ती ब्रिटनच्या टेट संग्रहालयाने घेतली. येशूचे बारा शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन ज्या माडीवर झाले, ती म्हणजे ‘अपर रूम’.

चित्रांइतकीच त्यांची खोलीही महत्त्वाची आहे. वास्तुकार डेव्हिड अडजाय याने ती अक्रोडाच्या लाकडाने मढवली. अंधुक बोळातून आत शिरावे लागते. दोन्ही बाजूंना सहा-सहा चित्रे आणि समोरच्या भिंतीवर तेरावे, आकाराने मोठे. उजेड फक्त चित्रांवर. राळेचे थर आणि चमकी यांमुळे ती आतून पेटल्यासारखी वाटतात. गाभाऱ्यात शिरताना आवाज आपोआप खाली येतो, तसेच इथेही होते. मग डोळे सरावले की लक्षात येते, की समोर माकडे आहेत.

बारा चित्रांत हातात पेला धरलेले ऱ्हीसस माकड आहे, म्हणजे उत्तर भारतातल्या देवळांभोवती हिंडणारे लाल तोंडाचे माकड. त्याची ठेवण अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या १९५७ च्या एका चित्रावरून घेतली आहे. बाराही जण तेराव्याकडे, ‘मोनो ओरो’ म्हणजे सोनेरी माकडाकडे, तोंड करून आहेत. नावे स्पॅनिश आहेत: ‘मोनो रोहो’ (तांबडे), ‘मोनो ब्लांको’ (पांढरे), ‘मोनो नेग्रो’ (काळे). माकड तेच, बदलतो फक्त रंग. काळे हे बारांतले एक, पांढरेही एक. युरोपात काळ्या माणसाला माकड म्हणून हिणवण्याची परंपरा जुनी आहे. ओफिलीने तोच प्राणी प्रेषितांच्या, म्हणजे त्या बारा शिष्यांच्या, आणि ख्रिस्ताच्या जागी बसवला. मारुतीपुढे हात जोडणाऱ्या प्रेक्षकाला यात वावगे वाटणार नाही. शिवीचा काटा मात्र त्याच्याकडून निसटू शकतो.

ओफिली १९६८ मध्ये मँचेस्टरला नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मला आणि कॅथलिक वळणात वाढला. १९९२ मध्ये तो झिंबाब्वेला गेला, आणि तेव्हापासून हत्तीची लीद त्याच्या चित्रांत आली. या मालिकेतली चित्रेही लिदीच्या दोन-दोन गोळ्यांवर टेकून उभी असतात. लीद हा पाया, हे इथे शब्दशः खरे. याच लिदीवरून आधी रण माजले होते: ‘द होली व्हर्जिन मेरी’ (१९९६) या चित्रात त्याने येशूची आई मेरी काळी रंगवली आणि तिचा एक स्तन लिदीचा केला. १९९९ मध्ये ते ब्रुकलिन संग्रहालयात लागले, तेव्हा न्यूयॉर्कचे महापौर रुडी जुलियानी यांनी संग्रहालयाचे अनुदान रोखायचे ठरवले; न्यायालयाने त्यांना अडवले. त्याच वर्षी एका वृद्धाने चित्रावर पांढरा रंग फासला. काळ्या मेरीवर पांढराच रंग, यावर वेगळे भाष्य नको. शेणाने अंगण सारवणारी आणि ‘शेण खाल्लं’ म्हणून शिवी देणारी भाषा आपली असल्यामुळे लिदीतले हे दुहेरीपण मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

१९९८ मध्ये ओफिलीला टर्नर पुरस्कार हा ब्रिटनमधला मानाचा कलापुरस्कार मिळाला. तो मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय चित्रकार. ‘द अपर रूम’च्या खरेदीवरून वेगळाच वाद झाला. टेटने करासह सुमारे ७ लाख पौंड मोजले, आणि ओफिली तेव्हा टेटचाच विश्वस्त होता. २००६ मध्ये ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने टेटवर ठपका ठेवला. व्यवहार मात्र कायम राहिला, त्यामुळे तेरा माकडे आजही टेटकडेच आहेत.