टॉवरच्या मागचे २० मिलिसेकंद

फोनवर बोलताना आवाज तुटला की आपण पटकन म्हणतो, 'रेंज नाही.' बऱ्याचदा ते खरंही असतं. पण टॉवरपर्यंत आवाज धडधाकट पोचला, तरी पुढे फायबर आणि राउटरचं, म्हणजे वाट ठरवून डेटा पुढे धाडणाऱ्या उपकरणांचं, अवाढव्य जाळं पार करायचं असतं. हेच मोबाइल नेटवर्कचं बॅकबोन.

४जीच्या मानकात आवाजाच्या पॅकेटला (आवाज असा छोट्या तुकड्यांत जातो) फोनपासून नेटवर्कच्या गेटवेपर्यंत, म्हणजे बाहेरच्या जाळ्याच्या दारापर्यंत, १०० मिलिसेकंदांची मुदत आहे. त्यातले टॉवर ते गेटवे या टप्प्यासाठी साधारण २० धरले जातात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. ते कुणालाच कमी करता येत नाहीत. घोळ होतो तो राउटरमधल्या रांगेत.

दोन राउटरमधली जोडणी, म्हणजे लिंक, दिवसभर सरासरी निम्मीच भरलेली दिसते, तरी आवाज तुटतो. कारण सरासरी फसवते. अनेक वाटांनी आलेली पॅकेटं काही मिलिसेकंदांसाठी एकाच दाराशी गर्दी करतात. एकही पॅकेट हरवू नये म्हणून राउटरची मेमरी वाढवत नेली, तर दुखणं उलट वाढतं: १० गिगाबिटच्या लिंकपुढे साडेबारा कोटी बाइटची रांग साचली, की शेवटचं पॅकेट १०० मिलिसेकंद तिथेच अडकतं. आवाजाच्या दृष्टीने ते हरवल्यातच जमा.

म्हणून कोण थांबणार हे आधीच ठरवावं लागतं. १९९८ साली इंटरनेटच्या मानकांत आलेल्या डिफसर्व पद्धतीत प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर ६ बिटांची खूण असते. राउटर आत काय आहे ते न पाहता खुणेवरून रांग ठरवतो. आवाजासाठी बहुधा ४६ हा आकडा वापरतात.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की 'महत्त्वाचं' आणि 'बिनमहत्त्वाचं' अशी साधी उतरंड इथे चालत नाही. आवाजाची शंभरात एखादं पॅकेट गळालं तरी तक्रार नसते, उशीर मात्र त्याला सोसत नाही. डाउनलोड ३०० मिलिसेकंद थांबेल, पण त्याला दहा लाखांत एकापेक्षा जास्त पॅकेट गमावणं मंजूर नाही. आणि कॉल जोडणाऱ्या सिग्नलिंगला घाईही तेवढीच आणि गळतीही नको, त्यामुळे त्याचा क्रम आवाजाच्याही वर लागतो.

आवाजाच्या रांगेला मर्यादाही घालावी लागते. नाहीतर तिच्यापायी बाकीच्या रांगा उपाशी राहतात. लिंक कायमच भरलेली असेल, तर मात्र रांगा कितीही नीट लावा, नवीन क्षमता टाकल्याशिवाय सुटका नाही.

शिवाय टॉवरकडून निघालेलं पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या पाकिटात घालून पाठवलं जातं. आतली खूण बाहेरच्या पाकिटावर उतरवायची राहिली, तर वाटेतल्या राउटरना ती दिसतच नाही. मधल्या एखाद्याच उपकरणाने ती पुसली, तरी तिथून पुढे तुमचा आवाज कुणाच्या तरी डाउनलोडमागे निमूट उभा राहतो. तक्रार आली की इंजिनिअर टॉवरपासून एकेका टप्प्यावर पॅकेट पकडून आधी ही खूण तपासतात.